अनुभव धागा : मुलाखतीत घाम फोडणारे प्रश्न (सोलापूरकरांसाठी)

चिंचोळीकर (धागा काढणारा) :
मंडळी, मुलाखतीत अडचणीत आणणारा प्रश्न कोणता आला, तुम्ही काय बोललात आणि त्यावर समोरचा काय म्हणाला, एवढं लिहा. कंपनीचं, संस्थेचं नाव नको. 'हसतमुख राहा, आत्मविश्वास ठेवा' हेही नको. ते सगळ्यांना पाठ आहे आणि आत गेल्यावर कुणाच्या कामी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

सुरुवात मी करतो, पण टेबलाच्या पलीकडून. टॉवेलच्या युनिटमध्ये भरतीला बसतो. 'आधीचं काम का सोडलं?' हा आमचा ठरलेला प्रश्न. निम्मी पोरं मालकाला शिव्या घालतात, उरलेली 'ग्रोथसाठी' म्हणतात. मागं एक जॉबर (मागांवर देखरेख करणारा) आला होता. म्हणाला, "साहेब, पगार वीस तारखेला व्हायचा आणि किराणावाला एक तारखेला दारात. मालक माणूस चांगला, पण ते किराणावाल्याला सांगून काय उपयोग?" मग कामाचं विचारलं. पाइल (टॉवेलवरचे उभे फासे) एका बाजूला बसका येतोय, कुठं बघशील? "आधी पाइल बीमचा, म्हणजे त्या फाशांचं सूत गुंडाळलेल्या रुळाचा ताण. तिथं नाही सापडलं तर फिटरला हाक मारीन. उगाच माग उघडून ठेवणार नाही." शेवटच्या वाक्यावर आमचे साहेब खूश. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

जुळे सोलापूर :
पुण्याची नोकरी सोडून परत आले, तेव्हा इथल्या एका ऑफिसात पहिलाच प्रश्न, "लग्न झालंय, मग मुलाचं काय ठरलंय?" बाजूला बसलेल्या मॅडम खाली बघायला लागल्या. मी म्हणाले, "सर, तुम्हाला संध्याकाळी उशिरापर्यंत थांबण्याबद्दल विचारायचंय का? महिनाअखेरीला थांबेन, रोज नाही. घरचं माझ्याकडं राहू द्या." ते जरा वरमले आणि खरंच वेळेबद्दलच बोलायला लागले. ऑफर आली, पण मी गेले नाही. पहिल्याच दिवशी हे विचारणारा माणूस पुढं रजेच्या अर्जावर काय लिहील, सांगता येत नाही.

लेबर लॉवाला :
@जुळे सोलापूर, बरोबर केलंत. त्यांच्या मनात काय असतं तेही सांगतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसेल तर हा खर्च मालकाच्या खिशातून जातो. म्हणून आडून आडून विचारतात. त्यासाठी नोकरी नाकारणं मात्र कायद्यात बसत नाही.

भीमाकाठ :
माझी राज्यसेवेची. (तेव्हा मुलाखत 100 गुणांची होती, आता नव्या पद्धतीत 275 ची झालीय, म्हणजे पोरांनो आणखी जपून.) फॉर्मवर जिल्हा बघून अध्यक्ष म्हणाले, "उजनी धरण तुमच्याकडं, तरी सोलापूरकराला चार-चार दिवस पाण्याची वाट बघावी लागते. का?"

महापालिकेवर ढकललं तर उद्याचा अधिकारी कुरकुऱ्या दिसतो, पावसावर ढकललं तर अडाणी. मी म्हणलं, शहराला पाणी एका वाटेनं येत नाही. उजनीवरून शंभरावर किलोमीटर लांब जलवाहिनी, भीमेवरचा टाकळी-औजचा बंधारा आणि हिप्परगा तलाव. औज भरायचा तर धरणातून नदीत पाणी सोडावं लागतं. वाटेत उन्हानं आणि उपशानं त्यातलं बरंच जातं. शहरात आल्यावर टाक्या आणि जुन्या वाहिन्यांची रड वेगळीच.

दुसरे सदस्य आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "उपसा म्हणजे शेतकरी पाणी चोरतात?"

खरा प्रश्न हा होता. वडिलांची मोटर त्याच नदीवर. म्हणलं, "सर, आमची मोटर परवान्याची आहे. शहरासाठी पाणी सोडलं की काठावरची वीज तोडतात, तेव्हा आमचा ऊस वाळलेला मी बघितलाय. आणि शहरात खोली घेऊन राहत होतो तेव्हा रात्री दोनला उठून हंडेही भरलेत. म्हणून पिण्याचं नळातून आणि शेतीचं नदीतून, असं वेगळं झालेलं मला बरं वाटतं." पुढं त्यांनी खर्च विचारला. आकडा ठाऊक नव्हता, तसं सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, पुढचा प्रश्न थेट छंदावर गेला.

हत्तूरकर :
भीमाकाठ, मलाही जिल्ह्यावरच धरलं होतं. 'सोलापूरचा 1930 चा मार्शल लॉ', म्हणजे इंग्रजांची लष्करी राजवट, म्हणून मी मोठ्या ऐटीत सुरू केलं. चार हुतात्म्यांची फाशी, 12 जानेवारी 1931, येरवडा, सगळं सांगितलं. तर मॅडम म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही इथले कलेक्टर असता तर?" आता काय बोलणार! म्हणलं, "त्या सरकारच्या नोकरीत हुकूम पाळणं किंवा राजीनामा, दोनच रस्ते होते. मी राजीनामा दिला असता हे आज एसीत बसून म्हणणं फार सोपं आहे." हसल्या. गुण बरे पडले.

मोहोळची मास्तरीण :
आमच्याकडं, शिक्षकभरतीत, प्रश्न एकच, आणि तो लेखी कुठंच नसतो. "संस्थेला काय हातभार लावाल?" मी मुद्दाम सरळ अर्थ घेतला. दहावीचे गणिताचे जादा तास घेईन, स्कॉलरशिपची बॅच सांभाळीन. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, "बाईंना कळलं नाही." बाईंना कळलं होतं. निवड झाली नाही. मग बरेच दिवस तासिका तत्त्वावर काढले आणि पवित्र पोर्टलवरून (सरकारचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ) लागले. तिथं हातभार नव्हता, नुसतीच वाट बघणं होतं.

पूर्वभाग :
घरात तेलुगू, शाळा मराठी, इंग्रजी फक्त पुस्तकात. हैदराबादच्या कंपनीत मुलाखत. 'तुमच्याबद्दल सांगा'लाच जीभ लुळी पडली. म्हणलं, "सर, कोड बोर्डवर लिहून दाखवू का, मग बोलतो." लिहिलं, एक चूक त्यांनी काढली, तिथंच दुरुस्त केली. मग त्यांनी माझं आडनाव बघून तेलुगूत विचारायला सुरुवात केली. आमचं सोलापुरी तेलुगू ऐकून माणूस पोट धरून हसला, "हे कुठलं बे?" असाच चेहरा. आपलं सोलापुरी 'बे' नाही म्हणाला, पण अर्थ तोच.

बार्शी लाइट :
स्पर्धा परीक्षेत वर्षं गेली, त्यानंतर खासगीत अर्ज. 'मधली वर्षं काय केलं?' मित्र म्हणाला, त्याच्या चुलत्याच्या दुकानाचं अनुभवपत्र लाव. लावावं का? परवा मुलाखत आहे.

चिंचोळीकर :
अजिबात नको. आम्ही यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) नोकरीची नोंद बघतो. पत्र आहे आणि पीएफचा पत्ता नाही, की पुढचे सगळे प्रश्न त्या पत्रावरच येतात. परीक्षा दिल्या म्हणा. पूर्व पास झाला असाल तर तेही सांगा. आम्हाला भीती एकच असते, पुढची जाहिरात आली की हा पळणार. परीक्षा देणं बंद केलं असेल तर ते न विचारता सांगा. चालू असेल तर मात्र 'बंद' म्हणू नका.

जुळे सोलापूर :
आणि पगाराचं? इथले लोक ठोकून म्हणतात, 'सोलापुरात खर्च कमी, पुण्याचे आकडे कशाला?' मी म्हणते, खर्च माझा कमी आहे, काम तुमचं तेवढंच आहे. आणि आकडा बोलताना हातात किती येणार तेच विचारा. सीटीसीत, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं.

बार्शी लाइट :
धन्यवाद. अजून एक. मूळ मार्कशीट जमा करा म्हणतायत, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे म्हणे.

लेबर लॉवाला :
मूळ दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, मूळ घेऊन घरी यायचं. बाँडचा कागद सही करायच्या आधी एक दिवस घरी आणता येतो का विचारा. नाही म्हणाले तर मला मेसेज करा.