‘किमतीच्या मानाने’ उत्तम : स्वस्त बॅजच्या पळणाऱ्या गाड्यांचे अनुभव

मंडळी, या महिन्याच्या एका मासिकात माझ्या गाडीचा रिव्ह्यू आलाय. चार पानं. इंजिनचं कौतुक, वळणावरच्या पकडीचं कौतुक, आणि शेवटच्या चौकटीत तो शब्द: ‘किमतीच्या मानाने’ उत्तम. म्हणजे पोरगं पहिलं आलं तर ‘तुमच्या घराण्याच्या मानाने हुशार आहे’ म्हणायचं. तीन वेळा वाचला, दोन दिवस धुमसत होतो. मग वाटलं, आपल्यातले बरेच जण यातून गेलेत, तर सगळ्यांचंच ऐकावं.

तुमच्या गाडीबद्दल काय छापून आलं आणि प्रत्यक्षात काय निघालं, ते लिहा. एकच अट, स्वतःच्या गाडीचं नाव लिहायचं नाही. नाव आलं की ब्रँडची भांडणं सुरू होतात आणि अनुभव राहतो बाजूला. इतिहास सांगायचा असेल तर नावं चालतील.

सुरुवात मीच करतो. माझ्या गाडीबद्दल दोन तक्रारी छापल्यात. डॅशबोर्डचं प्लास्टिक कडक आहे आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. प्लास्टिक कडक आहे, मान्य. तीन वर्षांत त्यावर एक ओरखडा नाही, हेही मान्य करा की. पण स्टिअरिंग? तीन वर्षांत मला कधीच ओढ जाणवली नाही. या माणसाने चालवली तरी का, असा प्रश्न पडला.

थर्ड गिअर

माझं दुखणं आकड्याचं. मासिकात शून्य ते शंभर ६.४ सेकंद. मी मोबाइलच्या जीपीएस ॲपवर मोजलं, ७.२. परत मोजलं, ७.१. परवानगी काढून एका बंद धावपट्टीवर तीन वेळा गेलो. मासिकवाल्यांना कंपनीने वेगळी गाडी दिली असणार, अशी माझी पक्की खात्री झाली. घरात तर मी हे न्यायाधीशासारखं जाहीर केलं.

मग मासिकाच्या शेवटच्या पानावरची ‘आम्ही कसं मोजतो’ ही बारीक अक्षरातली चौकट वाचली. ते पहिला एक फूट मोजतच नाहीत. गाडी साधारण ३० सेंटिमीटर सरकली की घड्याळ सुरू. ही पद्धत अमेरिकन ड्रॅग रेसिंगमधून (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींतून) आलेली, आणि तिथली मोठी मासिकं अजून तीच वापरतात. तेवढ्यात साधारण ०.३ सेकंद वाचतात. शिवाय त्यांच्याकडे एकटा ड्रायव्हर. माझ्याकडे टाकी फुल, शेजारी मोबाइल धरून बसलेला मेव्हणा (बारीक नाही), डिकीत स्टेपनी आणि हत्यारं.

उरलेलं कोडं टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर सुटलं. ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सांगितलेलं, मी दोन वर्षं ९५ भरत होतो. टर्बो इंजिनला कमी ऑक्टेन दिलं की पेट्रोल अवेळी पेटून इंजिनमध्ये ठोका बसतो, नॉक सेन्सर तो ओळखतो आणि कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, ताकद जाते, आणि आपल्याला कळतही नाही. ९८ भरून थंडीच्या सकाळी एकटाच गेलो. ६.८. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही की त्याचं वजन हेही एक कारण होतं.

चौथी लॅप

माझ्या गाडीच्या ब्रेकची रिव्ह्यूमध्ये स्तुती होती. शंभरावरून शून्यावर येण्याचं अंतर दिलेलं, दुप्पट किमतीच्या गाडीपेक्षा कमी. त्या भरवशावर मी पहिल्यांदा ट्रॅकवर गेले. तीन लॅप स्वर्ग. चौथ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजसारखं खाली गेलं. अगदी तळापर्यंत. भराभर दोनदा पंप केला तेव्हा कुठे थोडा ब्रेक लागला, आणि गाडी वळणाबाहेरच्या वाळूत जाऊन शांतपणे रुतली. हेल्मेटमध्ये स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत बसले होते. बाहेर झेंडेवाला माणूस हात हलवत येत होता आणि मला आधी इंडिकेटर बंद करावासा वाटला. तो लागलेलाच नव्हता.

मेकॅनिकने ब्रेक ऑइल काढून दाखवलं. चहाच्या रंगाचं. ‘कधी बदललं?’ बदललं नव्हतंच, चार वर्षं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर तीच हमी १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय डिस्कऐवजी ती वाफ दाबत बसतो. वेग दुप्पट झाला की थांबताना जिरवायची ऊर्जा चौपट, हे गणित शाळेत केलं होतं. ब्रेकच्या जळक्या वासासकट पहिल्यांदाच कळलं.

अजून एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत नव्हती. माझ्या गाडीला खरं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारा यांत्रिक भाग, नाही. वळणात आतलं चाक फिरायला लागलं की कॉम्प्युटर त्या चाकाचा ब्रेक दाबून ताकद बाहेरच्या चाकाकडे पाठवतो. ब्रोशरमध्ये याला भारदस्त नाव आहे. म्हणजे माझा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाही ब्रेक तापतच होते. मासिकाने एकदा थांबवून पाहिलं, आकडा खरा आला. दहाव्यांदा थांबवून पाहिलं नाही.

आता ऑइल दरवर्षी बदलते, पॅड वेगळे आहेत, आणि गाडी माझ्याकडेच आहे.

बॅज काढून परत लावलेला

मागचा बॅज मी पहिल्याच आठवड्यात काढला होता. लाज वाटायची म्हणून. सिग्नलला कोणी वळून बघेना, तेव्हा परत लावला. आता पुढे निघून गेल्यावर मागच्याला कंपनीचं नाव नीट वाचता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

जुना वाचक

धागाकर्त्याला ‘किमतीच्या मानाने’ टोचलं. मला टोचतो तो ‘चक्क’. हे रिव्ह्यू कुठल्याही भाषेत असोत, मनात मराठी करून वाचा, प्रत्येक वाक्यात ‘चक्क’ सापडेल. गाडी चक्क वळते. चक्क थांबते. स्टिअरिंगमधून चक्क रस्ता कळतो. महाग बॅजची गाडी वळली तर ती वळते, आपली चक्क वळते.

स्कोडाचं उदाहरण घ्या. त्या गाड्यांवर एकेकाळी युरोपभर विनोद चालायचे. त्याच कंपनीच्या १३० आरएस गाडीने १९७७ साली मॉन्टे कार्लो रॅलीत आपला क्लास (इंजिनच्या आकाराचा गट) जिंकला होता. १९९१ मध्ये फोक्सवॅगन कंपनीत भागीदार म्हणून आली, पुढच्या दहा वर्षांत १८० हॉर्सपॉवरची १.८ टर्बो ऑक्टेव्हिया आरएस आली, आणि तरी कित्येक वर्षं लिहिणाऱ्यांची पहिली ओळ त्या जुन्या विनोदांचीच असायची.

ह्युंदाईचंही तेच. बीएमडब्ल्यूच्या एम विभागात, म्हणजे तिच्या वेगवान गाड्यांच्या विभागात, वर्षानुवर्षं काढलेले इंजिनिअर आल्बर्ट बिअरमन २०१५ मध्ये तिकडे गेले. २०१७ मध्ये आय३० एन आली, दोन लिटर टर्बो, साधी २५० आणि परफॉर्मन्स पॅकेजची २७५ हॉर्सपॉवरची. त्यातल्या दुसरीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं खरं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होतं, वर चौथ्या लॅपवाल्या ताईंना जे हवं होतं ते. ‘एन’ म्हणजे कोरियातलं नामयांग, जिथे कंपनीचं संशोधन केंद्र आहे, आणि न्युर्बुर्गरिंग, २०.८ किलोमीटरचा तो जर्मन ट्रॅक, जिथे ती घासूनपुसून तयार केली. त्या वेळी सगळे ‘चक्क’ म्हणाले. पुढच्या एन गाड्यांना मात्र तुलना सरळ बरोबरीच्यांशीच व्हायला लागली. म्हणजे बॅज बदलला नाही, वाचणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची सवय बदलली. त्याला दोन-तीन गाड्या जाव्या लागतात. पहिली विकत घेणारा माणूस ‘चक्क’ ऐकण्यासाठीच जन्माला आलेला असतो. मी तो आहे, दोनदा.

पलीकडच्या बाजूचा

मी तीन वर्षं एका मासिकात होतो, त्यामुळे मला शिव्या घाला, हरकत नाही.

गाडी आमच्याकडे चार दिवस यायची. आली की धुतलेली, टायर नवे, टाकी भरलेली. त्यातला एक दिवस फोटोत जायचा. एकच वळण पंधरा-सोळा वेळा, कारण फोटोग्राफरला पुढचं चाक थोडं वळलेलं आणि आकाशात ढग पाहिजे असायचा. एक दिवस मोजमापाचा. उरलेल्या दोन दिवसांत चालवून, आठवड्यात लिहून द्यायचं. चार दिवसांत इंजिन, स्टिअरिंग, गिअर, सीट, आवाज एवढं कळतं आणि ते बहुतेक बरोबर कळतं. ४० हजार किलोमीटरनंतर दारातून येणारी खडखड कळणं शक्यच नाही. आम्हाला ते माहीत असायचं, पण तसं लिहायला जागा नसायची.

‘किमतीच्या मानाने’ मीही लिहिलंय. कशासाठी, तर शेवटच्या चौकटीत २५ शब्द बसवायचे असतात आणि तारे किती द्यायचे यावर संपादकाशी वाद टाळायचा असतो. ज्या गाडीबद्दल लिहिलं, तीच दोन वर्षांनी सेकंडहँड घेतली, बायकोने तो अंक समोर ठेवल्यावरही. मी ज्या सीटची ‘शरीराला छान धरून ठेवते’ म्हणून तारीफ केली होती, तिची उजवी कड चढता-उतरता घासून फाटली आणि आतला फोम दिसायला लागला. दिवसातून सहा वेळा मी तिच्यावरून घसरत उतरतो आणि दर वेळी ते वाक्य आठवतं.

आईचा मणका

‘सस्पेन्शन कडक, पण सुसह्य.’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला माझ्या आईसोबत मागच्या सीटवर बसवायचंय. तिला मणक्याचा त्रास. पहिल्याच फेरीत ती काही बोलली नाही, फक्त उतरताना म्हणाली, ‘पुढच्या वेळी मी बसने येते.’

गाडीला २३५/३५ आर१९ टायर होते. म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या ३५ टक्के, जेमतेम ८२ मिलिमीटर रबर. फोटोत झकास. एका खड्ड्यात रिम वाकली, दुसऱ्यात टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. मग १८ इंची रिम घेतल्या, २३५/४०. बाजू ९४ मिलिमीटर झाली आणि चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. बारा मिलिमीटरचा फरक. आई आता येते. वळणावरची धार थोडी बोथट झाली, हेही सांगायला हवं.

न सांगितलेलं

रिव्ह्यूत लिहिलं होतं की इंजिनमध्ये अजून भरपूर ताकद दडलीय. मी ती रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून, बाहेर काढली. सहा महिन्यांनी चौथ्या गिअरमध्ये आरपीएम वाढायचा, वेग तिथेच. क्लच गेला. नंतर एका किरकोळ धडकेत विमा कंपनीने तपासणीत रीमॅप पकडला आणि क्लेम नाकारला, कारण मी कळवलं नव्हतं. चूक माझीच. दडलेली ताकद दडलेलीच बरी असते, क्लच तिच्या हिशेबाने बनवलेला नसतो.

विकून मोकळा

वाचतोय सगळं. राग मानू नका, पण आपलं पोर शाळेत पडलं तर जमीन वाकडी होती म्हणणारे आईबाप आठवतात. मी तशीच गाडी चौदा महिन्यांत विकली. खराब म्हणून नाही. तिची मजा जिथे सुरू व्हायची तो वेग कायद्याच्या बराच वर होता. त्याखाली ती फक्त कडक आणि कर्कश. हे मात्र त्या रिव्ह्यूत स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं होतं आणि दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय असं समजलो होतो.

धागाकर्ता, परत

चौथ्या लॅपचं वाचून दुसऱ्याच दिवशी ब्रेक ऑइल तपासून घेतलं. मेकॅनिकने पेनसारखं यंत्र ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवलं, लाल दिवा लागला, म्हणजे पाणी जास्त. बदललं.

येताना रस्ता मोकळा होता. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायच्या आधी माझ्या लक्षात आलं की डावा हात गिअरवरून आपोआप स्टिअरिंगवर गेलाय आणि दोन्ही मुठी आवळल्यात. पाय हलायच्या आधीच. हे मी बहुधा तीन वर्षं करतोय. इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका बाजूला, त्यामुळे दोन चाकांचे एक्सल लांबीला सारखे नसले की जोर आला की स्टिअरिंग ओढतं, हे मला ठाऊक होतं. माझ्या गाडीत होत नाही एवढंच मला ठाऊक होतं.

मुठी थोड्या सैल केल्या, हात स्टिअरिंगवरच, आणि दाबलं. उजवीकडे.