मदत हवी आहे: वाहत्या पाण्यातल्या कीटकभक्षी वनस्पतीचे सापळे

यूट्रिक्युलारिया निओटिऑइडिस या वनस्पतीबद्दल विचारायचं आहे. आपल्याकडची सीतेची आसवं ज्या प्रजातीत येतात, त्याच प्रजातीतली ही दक्षिण अमेरिकेतली जाती. वेगानं वाहणाऱ्या ओढ्यात खडकाला घट्ट धरून वाढते आणि फुलांचा दांडा तेवढा पाण्याबाहेर काढते. इतक्या नाजूक रोपानं अशी जागा निवडावी, याचंच मला फार अप्रूप वाटतं.

सापळ्याचं सर्वसाधारण काम वाचून समजलं आहे. सापळा म्हणजे एक छोटी पिशवी; ती आतलं पाणी बाहेर काढते, आत दाब कमी होतो, दाराजवळच्या केसांना सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि साधारण एका मिलिसेकंदात पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. काही जातींत धक्का न लागताही पिशवी अधूनमधून आपोआप सुटते, म्हणजे दार उघडून पाणी आत ओढते, हेही वाचलं. पण हे सगळं बहुतेक संथ पाण्यातल्या जातींवरचं आहे. या जातीची वर्णनं मिळाली, त्यांत पिशव्या फारच कमी असतात एवढंच कळतं. पुढे काही नाही.

मला हे रोप वाढवायचं नाही, त्यामुळे टाकी, पंप, खत यांबद्दल सुचवू नका. वाळवलेल्या नमुन्यांचे फोटो पाहिले आहेत. त्यांतून सापळ्याचं काम कळत नाही. इंग्रजीतला शोधनिबंध असला तरी चालेल.

प्रवाहाच्या सततच्या माऱ्यानं अशा पिशव्या विनाकारण सुटतात का? आणि त्या इतक्या कमी असताना या वनस्पतीला भक्ष्यातून खरंच काही पोषण मिळतं, असं कोणी मोजून दाखवलं आहे का?