व्हायोलिन पेटीत आहे आणि मी बरी आहे

चौथी_तार
सोळा वर्षं व्हायोलिन वाजवून पोट भरलं. गेल्या दीड वर्षात एकही काम घेतलं नाही आणि यापुढे घेणारही नाही. परवा एका जुन्या सहवादकाने विचारलं, "काय, ब्रेक संपला का?" म्हटलं, ब्रेक नाही रे, सोडलंय. तर त्याचा चेहरा असा झाला, जणू मी कुणीतरी गेल्याचं सांगितलं.

नेमकं काय झालं होतं ते लिहिते. हात दुखत नव्हते. एका रेकॉर्डिंगला आठ मात्रांचा तुकडा बावीस वेळा वाजवला. एकविसावा बरा की बाविसावा, असं विचारलं तेव्हा मला सांगता येईना. दोन्ही सुरात होते, तेवढं कळत होतं. पण ऐकून आत काही हललं नाही. घरी येताना लिफ्टमध्ये एक माणूस स्वतःशीच गुणगुणत होता, त्याचा मला संताप आला. गुणगुणणाऱ्या माणसाचा! त्या रात्री ठरलं.

रात्रीचे प्रवास, थकलेली बिलं, "पैसे नाहीत पण नाव होईल" ही बोलावणी, हे सगळं होतंच. ते सोसत आले होते, आणखीही सोसलं असतं.

डाव्या बोटांवरचे घट्टे आता गेलेत. आधी सालपटं निघाली, मग कातडी मऊ झाली, आणि एक दिवस चहाचा कप हाताला चटकन भाजला. हनुवटीखालचा डाग मात्र आहे तसा आहे. माझं मत असं की संगीतावर पोट चालवायलाच नको होतं, आणि ज्याला हे उमगलं त्याने खुशाल बाहेर पडावं. पटत नसेल तर भांडा.

खर्ज
भांडतो. कंटाळा कुठल्या धंद्यात येत नाही? हिशेबनिसाला आकड्यांचा येतो, शिक्षकाला वह्यांचा येतो. ते काही "आकड्यांवरचं माझं प्रेम आटलं" म्हणून धागे काढत नाहीत. रियाज सुटला की वाजवणं यांत्रिक होतं, हे साधं कारण आहे. रोज दोन तास फक्त स्वतःसाठी वाजवत होता का?

चौथी_तार
हो. शेवटची दोन वर्षं दोनाचे चार तास केले होते. तुम्ही सांगताय तेच औषध, दुप्पट मात्रेत.

कोरी_पाटी
@खर्ज, ज्या अभ्यासावरून "दहा हजार तास रियाज केला की माणूस तयार होतो" हा मंत्र निघाला तो 1993 चा, बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा. त्यातले सर्वांत चांगले वादक रियाज तुकड्यांत करत होते, आणि इतरांपेक्षा झोपतही जास्त होते. दुपारची डुलकी धरून. तास सगळ्यांनी पाठ केले, डुलकी कुणी लक्षात ठेवली नाही.

खर्ज
झोपा काढून कलावंत झालेला अजून पाहायचाय.

रात्रपाळी
माझी असहमती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती आजार म्हणून केलेली नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी ती अवस्था: शक्ती संपते, कामाबद्दल तुसडेपणा येतो, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटतं. तुमच्या पोस्टमध्ये तिन्ही आहेत. मग दोष संगीताचा कसा? बावीस टेक घ्यायला लावणाऱ्या पद्धतीचा आहे. पियानोवादक ग्लेन गूल्डने 10 एप्रिल 1964 ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटची जाहीर मैफल केली. वय 31. पियानो सोडला का? नाही, सभागृह सोडलं, आणि 1982 मध्ये जाईपर्यंत स्टुडिओत वाजवत राहिला. पद्धत बदला, पेशा कशाला सोडता?

चौथी_तार
गूल्डला ऐकणारे आधीच मिळालेले होते हो. मीही स्टेज सोडून घरून रेकॉर्डिंग करून पाहिलं. स्वतःचे तुकडे चढवले. स्पॉटिफायचा 2024 पासूनचा नियम माहीत असेल: बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचा एक पैसाही नाही. मग सकाळी उठून आधी व्हायोलिन की आधी आकडे? मी आकडे बघायचे. पद्धत बदलली, तुसडेपणा तोच. आणि व्याख्या कामापुरती आहे हे कबूल, पण लिफ्टमधल्या माणसाने मला काय काम दिलं होतं?

रात्रपाळी
हा मुद्दा मला खोडता येत नाहीये. विचार करतो.

तिसरी_घंटा
बाहेर पडण्याला विरोध नाही, "यापुढे घेणारही नाही" याला आहे. पियानोवादक होरोविट्झ 1953 ला मंचावरून उतरला तो 1965 ला परतला. बारा वर्षं! दार लोटून घ्या, कडी कशाला?

चौथी_तार
कारण दार नुसतं लोटलेलं असलं की लोक रोज ढकलून बघतात. मीसुद्धा.

साथीदार
इतका वेळ वाचत होतो. मी अजून वाजवतो, आणि थकलोय. तुमच्याइतकाच, कदाचित जास्त. पण मला दुसरं काही येत नाही आणि घरात कमावता मी एकटा. "खुशाल बाहेर पडावं" हे वाचून हसू आलं. कुणाच्या भरवशावर पडावं? संगीतावर पोट चालवू नये म्हणता, म्हणजे ज्यांच्या घरात दुसरी मिळकत आहे त्यांनीच वाजवायचं का?

चौथी_तार
मला भाषांतराचं काम मिळालं, घरात आणखी एक पगार होता. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. "खुशाल" शब्द मागे घेते. बाकीच्याबद्दल आज तरी माझ्याकडे उत्तर नाही.

खर्ज
वाद राहू दे. पेटीत ठेवताना तारा सैल केल्यात का?

चौथी_तार
केल्या, चारही. का?

खर्ज
सगळ्या एकदम सैल करू नयेत. उघडून बघा.

चौथी_तार
उघडली. तारांखालची घोडी आडवी पडलीये. आत काहीतरी खुळखुळतंय.

खर्ज
साउंडपोस्ट पडला, आतून वरच्या फळीला आधार देणारी लाकडी दांडी. आता तारांना हात लावू नका, ताणल्यात तर वरची फळी खचेल. चांगल्या कारागिराकडे न्या.

चौथी_तार
वाजवायची नाहीये म्हटलं ना.

खर्ज
वाजवा कोण म्हणतंय. न्या.