गौताळ्याचं तिकीट वाढवावं का?

रानवाटा: पावसाळ्यातल्या रविवारी कन्नड-चाळीसगावकडच्या गौताळा अभयारण्यात गाड्यांची रांग, सीतान्हाणीपाशी स्पीकर, ओढ्यात बाटल्या. माझं मत: शनिवार-रविवारी गाडीमागे फी दणकून वाढवा आणि तो पैसा कडेच्या गावांच्या समितीकडेच ठेवा. ताडोब्यात तिकिटाचा पैसा व्याघ्र प्रकल्पाच्या स्वतःच्या प्रतिष्ठानात जातो, तिथंच खर्च होतो. इथं घोडं कुठं अडलंय?

हिशेबनीस: कायद्यात. तसं प्रतिष्ठान व्याघ्र प्रकल्पांसाठी आहे, २००६ च्या दुरुस्तीनं आलेलं. गौताळा साधं अभयारण्य. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ चालत आला, तेवढ्यानं प्रकल्प होत नाही. आणि दुसरं, आपला हंगाम बघा. जुलै ते ऑक्टोबर गर्दी, मग शुकशुकाट. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढायच्या, वणवे विझवायचे, पाणवठे भरायचे, हा सगळा खर्च नेमका गल्ला रिकामा असताना येतो. वनमजुराची मजुरी तिकिटावर टांगली तर मार्चात तो घरी बसेल. तो पैसा सरकारनंच द्यायला हवा.

रानवाटा: मग साताऱ्याच्या कास पठाराचं काय? तिथंही व्याघ्र प्रकल्प नाही, फुलं जेमतेम दोन महिने. तरी गावांची समिती फी घेते, माणसं मोजून सोडते.

हिशेबनीस: कासला पुण्या-मुंबईची गर्दी आहे. आपल्याकडं निम्मे लोक कन्नड-चाळीसगावचे, दुचाकीवर तिघं बसून येणारे.

पैठणकर: आमच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, तर गेट लावणार कुठं? थंडीत फ्लेमिंगो बघायला लोक येतात, मिळेल त्या काठावरून बघतात आणि जातात. तिकिटापेक्षा गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम द्या, दुर्बिणी भाड्यानं द्या. सेवा दिली की माणूस खळखळ न करता पैसे देतो.

मक्याचं रान: तुम्ही समदे शहरातले दिसता. रोही (नीलगायी) आन रानडुकरं आमची मका खाऊन जातेत, पंचनाम्याला चकरा आम्ही मारायच्या. आमच्या म्हाताऱ्या पिढ्यान्‌पिढ्या गौतम ऋषीच्या दर्शनाला जातेत, त्यांच्याकडून बी पैसे घेणार का?

रानवाटा: तालुक्यातल्यांना आधार दाखवून फुकट सोडा, काका. नुकसानभरपाईत भरही याच पैशातून घालता येईल.

मक्याचं रान: हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणार असाल तर बोला. समिती गावाची आन सही साहेबाची, असलं लई बघितलंय.

हिशेबनीस: मग आधी फक्त पार्किंगची पावती गावाकडं देऊन बघू. एक हंगाम.

रानवाटा: चालेल. पण रविवारचा दर पाचपट हवा.

मक्याचं रान: पाचपट केला की गाड्या घाटात रस्त्यावरच लावतेत. तवा आमचा ट्रॅक्टर कुठून न्यायचा?