फेलोशिपचं पर्सनल स्टेटमेंट सीव्हीसारखंच होतंय, काय करू?

प्रश्न:
मेडिसिन रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष, नेफ्रॉलॉजीच्या (मूत्रपिंडविकार) फेलोशिपला अर्ज करतेय. एरासमध्ये (अर्ज भरायची अमेरिकन ऑनलाइन प्रणाली) 28,000 अक्षरं बसतात म्हणून अडीच पानं लिहिली. सीनियर म्हणाला, "हा सीव्हीच आहे, फक्त वाक्यांत." पहिलं वाक्य: 'लहानपणापासूनच मला मूत्रपिंडाचं कुतूहल होतं.' (हसू नका.) शिवाय मध्ये सहा महिन्यांचा गॅप आहे. लिहू का?

उत्तर:
हसलो, माफ करा. निवड समितीवर काही वर्षं आहे, असली लहानपणं बरीच वाचलीत. जागा आहे म्हणून भरायची नसते. एका पानात आटपा. सीव्ही आमच्यासमोर असतोच. तुमचं डोकं कसं चालतं ते त्यात दिसत नाही, ते दाखवा. एखादी केस, जिथे तुम्ही अडलात?

प्रश्नकर्ती:
सर, एक आहे. उलट्या होऊन आलेला पेशंट, रक्तातलं सोडियम धोकादायक कमी, 108. सलाईन लावलं, दहा तासांत 119. मी खूश. युरीन बॅग पाण्यासारख्या लघवीने भरत होती, तेही मला चांगलंच लक्षण वाटलं. फेलो आला, बॅगकडे बघून रिपोर्टही न मागता म्हणाला, "डेस्मोप्रेसिन द्या, डी-फाइव्ह लावा." (पहिलं लघवीतून पाणी जाणं रोखतं, दुसरं म्हणजे ग्लुकोजचं पाणी, सोडियम परत खाली आणायला.) सोडियम भराभर वाढलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत वाढ आठच्या वर जायची नव्हती, आणि मी तर अकरावर होते! व्हॉल्यूम (शरीरातला द्रव) भरला की एडीएच (पाणी धरून ठेवणारं हार्मोन) बंद पडतं, किडनी पाणी सोडत सुटते आणि सोडियम झपाट्याने चढतं, हे पाठ होतं. बॅगेत दिसलं नाही.

उत्तर:
मग हे का नाही लिहिलंत? हेच लिहा. त्यानंतर तुम्ही काय वेगळं करायला लागलात, तेही. पेशंटचं वय, तारीख, ओळख पटेल असं काही ठेवू नका. आणि 'त्या रात्री माझं आयुष्य बदललं' लिहिलंत तर मी पुढचा अर्ज उघडेन.

दुसरं उत्तर:
गॅप दोन वाक्यांत सांगा: का झाला, परत कधी आलात. रडगाणं नको, पण लपवूही नका, मुलाखतीत निघतोच. प्रत्येक प्रोग्रामला वेगळं स्टेटमेंट जोडता येतं, तेव्हा नावं तपासा. मी एकाला दुसऱ्याचं नाव तसंच पाठवलं होतं. तिथून अर्थातच बोलावणं आलं नाही.

प्रश्नकर्ती:
लहानपण उडवलं. आता सुरुवात अशी: 'सोडियम 119 आलं आणि मला आनंद झाला. बॅग मात्र भरतच होती.' चालेल?

उत्तर:
पुढचं वाक्य वाचावंसं वाटलं. पाठवा.