शब्दांच्या याद्या पाठ करून इंग्रजी वाचता येतं का?

मीनल (धागाकर्ती): सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत संध्याकाळी डोकावलं की तेच दिसतं. वहीत इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी, शेजारी मराठी अर्थ, आणि पाठांतर चालू. मी एम.ए. अर्थशास्त्राच्या मुलांना शिकवते. या पातळीवर हे पाठांतर म्हणजे वेळेची नासाडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांना शब्द अडत नाहीत, वाक्य अडतं. लेखक आधी दुसऱ्याचं मत तीन-चार ओळींत मांडतो, मग 'हाउएव्हर' म्हणून ते खोडतो. मुलं मात्र ते पहिलंच मत लेखकाचं समजून उत्तरपत्रिकेत लिहितात. त्यापेक्षा रोज आपल्याच विषयाचं एक पान घ्या. पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं मराठीत एक ओळ लिहा: लेखक इथे व्याख्या देतोय, उदाहरण देतोय, की कुणाला तरी खोडतोय?

लातूरकर: मीनलताई, हे इंग्रजी माध्यमातल्यांना ठीक आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला डिक्शनरी बंद करायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. हिशेबच बघा. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांची १९५३ ची साधारण २००० नेहमीच्या शब्दांची यादी विद्यापीठीय मजकुराचा सुमारे ७६ टक्के भाग व्यापते. न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान शाखांच्या मजकुरातून ५७० शब्दकुलं (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) निवडली. या शब्दकुलांनी आणखी १० टक्के भाग व्यापला जातो. रोज दहा घेतली तर दोन महिन्यांत यादी हातावेगळी होते! मग पाठांतराला नावं का ठेवायची?

मीनल: तुमचेच आकडे घेते. ७६ आणि १० मिळून ८६. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर तरीही चाळीसेक शब्द अनोळखी. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं पॉल नेशन यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. म्हणजे पानावर फक्त सहा अनोळखी. ८६ आणि ९८ टक्क्यांच्या मधले शब्द बरेचसे विषयाचे असतात आणि विषय वाचूनच अंगवळणी पडतात. कॉक्सहेड यांच्या यादीला माझा विरोध नाही. पण मी पाहते त्या वह्यांत ती नसते, कधीकाळी परीक्षेत आलेले दुर्मीळ शब्द असतात. परदेशी उच्चशिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेनं विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच काढून टाकले, आपल्याकडे जोड्या पाठ करणं अजून थांबलेलं नाही.

कोथरूडची_सई: मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. वाचनाच्या पेपरात ६० मिनिटं, ४० प्रश्न. सगळ्यात घात होतो तो 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'मध्ये. समजा, उताऱ्यात एवढंच आहे की शहरात पाण्याचा वापर वाढला. विधान येतं, 'लोकसंख्या वाढल्यामुळे पाण्याचा वापर वाढला.' हे कारण उताऱ्यात दिलेलंच नाही, तरी आपण आपल्या मनातलं घालून 'ट्रू' लिहून मोकळे होतो. शब्द सगळे येत असतात! मी ताईंच्या बाजूनं.

लातूरकर: सई, तुझ्यामागे क्लास असेल. माझ्या ओळखीतली राज्यशास्त्राची मुलं पेपर मराठीत लिहितात, संदर्भग्रंथ मात्र इंग्रजीत. दिवसा काम, रात्री मेस आटोपून अभ्यासिका. ताईंच्या पद्धतीनं एका पानाला तास सहज जातो, आणि पेन्सिलीची ओळ बरोबर की चूक हे सांगणार कोण? यादी निदान ज्याची त्याला तपासता येते.

मीनल: हा मुद्दा खरा आहे. म्हणून एकट्यानं बसू नये. तिघांनी एकच पान घ्यावं, आपापल्या ओळी लिहाव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. जिथे तिघांच्या ओळी जुळत नाहीत, तिथेच अवघड वाक्य दडलेलं असतं. तेवढंच वाक्य शिक्षकांकडे न्यावं. एका वाक्यासाठी कुणीही शिक्षक वेळ काढतात.

लातूरकर: तिघं जमवतो. पण पहिले दोन महिने ती ५७० ची यादी सोबत राहणारच, ताई. ती सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.