नेस कुठेही, इटी कुठे?

इंग्रजी विशेषणापासून नाम कसं करायचं, यावर या धाग्यात सल्ला आला: 'विशेषणाला नेस (-ness) लावा, इटीवाले (-ity) शब्द मात्र पाठ करा'. यातलं पहिलं ठीक, दुसरं पटलं नाही. विशेषणाच्या शेवटी एबल किंवा इबल दिसलं की इटी बहुधा ठरलेलीच: फ्लेक्सिबल-फ्लेक्सिबिलिटी, रिलायेबल-रिलायेबिलिटी. ही लॅटिन-फ्रेंच घराण्यातली मंडळी. नेस अस्सल इंग्रजी, म्हणून ते कुठेही खपतं.

धाग्यात उच्चाराबद्दल कुणीच बोललं नाही. नेस लागल्यावर शब्दातला जोर हलत नाही, पण इटी तो ओढून आपल्या अगदी आधीच्या अवयवावर (सिलेबलवर) आणते. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यांतली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे मुलाखतीच्या तयारीला येतात. 'प्रॉडक्टिव्हिटी' त्यांच्या तोंडात दिवसभर असतं, पण जोर पहिल्याच अवयवावर! तो 'टि'वर आणला की शब्द एकदम सुटा ऐकू येतो. स्पेलिंग पक्कं असूनही पॅनेल 'पार्डन?' म्हणतं ते यामुळे.

क्रियापदापासून नाम करण्याचं प्रकरण जास्त चिवट. अल (-al) हा प्रत्यय घेणाऱ्या बहुतेक क्रियापदांत जोर शेवटी असतो (रिफ्यूज-रिफ्यूजल, अप्रूव्ह, अराइव्ह). पण उलटं खरं नाही, जोर शेवटी असूनही अचीव्हचं अचीव्हमेंटच होतं. तिथे घोकंपट्टीला माझी हरकत नाही.